अखिल भारतीय महिला परिषद खरंच पुण्यात सुरू झाली का? आणि सुरुवातीच्या अधिवेशनांत ठराव पास करण्यापलीकडे काही झालं का?

हो, पुण्यातच. जानेवारी १९२७, फर्ग्युसन कॉलेज. मात्र "देशातली पहिली महिला परिषद" असं कोणी फॉरवर्ड केलं असेल तर ते चूक आहे, कारण १९०४ला मुंबईत रमाबाई रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भारत महिला परिषद भरली होती आणि १९१०ला सरलादेवी चौधुराणींनी अलाहाबादला भारत स्त्री महामंडळ काढलं होतं. पुण्याची परिषद टिकली आणि आजही चालू आहे, त्यामुळे नाव तिचंच राहिलं.

सुरुवात खरी कलकत्त्यातून झाली. बेथ्यून कॉलेजच्या बक्षीस समारंभात बंगालचे शिक्षण संचालक ओटन साहेब म्हणाले की मुलींना कसलं शिक्षण पाहिजे ते बायकांनीच एकदा एकमुखाने सांगून टाकावं. (हे ओटन तेच बरं का, ज्यांना १९१६ला प्रेसिडेन्सी कॉलेजात मार पडला आणि त्या प्रकरणात सुभाषबाबूंना कॉलेजातून काढलं.) ते मनावर घेतलं मार्गारेट कझिन्स यांनी. बाई मूळच्या आयरिश, बायकांच्या मताच्या हक्कासाठी तिकडे तुरुंगात जाऊन आलेल्या, १९१५ला भारतात आल्या, आणि आंध्रातल्या मदनपल्लीला टागोरांकडून ऐकून 'जन गण मन'चं नोटेशन लिहून काढणाऱ्याही ह्याच. त्यांनी १९२६मध्ये ठिकठिकाणच्या बायकांना पत्रं पाठवली, की आपापल्याकडे सभा घ्या, काय पाहिजे ते ठरवा, प्रतिनिधी निवडा आणि पुण्याला या. म्हणजे पुण्याला येईपर्यंत अर्धं काम गावोगावी होऊन गेलेलं होतं, मला तरी हीच आयडिया सगळ्यात भारी वाटते.

अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. विषय फक्त शिक्षण, परिषदेच्या नावातच तेव्हा 'शिक्षणसुधारणा' होतं आणि राजकारण बाहेर ठेवायचं असं ठरलेलं. पण झालं काय, की मुली शाळेत का टिकत नाहीत हे बोलायला लागल्यावर चर्चा फिरून फिरून लग्नावर यायची, कारण दहाव्या-बाराव्या वर्षी मुलगी सासरी गेली तर शाळेत पाठवणार कोणाला? त्यामुळे लवकर लग्नाने शिक्षणाचं नुकसान होतं असा ठराव पहिल्याच अधिवेशनात आला. आणि हे कुठे, तर ज्या पुण्यात १८९१ला संमतिवय (म्हणजे नवऱ्याने बायकोशी शरीरसंबंध ठेवायला तिचं किमान वय) १० वरून १२ करायच्या बिलाविरुद्ध टिळकांनी रान उठवलं होतं तिथे!

पुढचं अधिवेशन १९२८ला दिल्लीत, अध्यक्ष भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ. इथून गाडीने वेग घेतला. अजमेरच्या हरबिलास सारडांचं बालविवाह रोखायचं बिल तेव्हा असेंब्लीत, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळात, अडकलेलं, तर बायका त्यासाठी सभासदांना जाऊन भेटल्या, शिष्टमंडळं नेली, आणि सरकारने संमतिवयाच्या प्रश्नावर नेमलेल्या मोरोपंत जोशी कमिटीसमोर साक्षी पण दिल्या. कमिटीत रामेश्वरी नेहरू होत्या. मुलींच्या शिक्षणासाठी फंड सुरू केला आणि त्यातून १९३२ला दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघालं, ते होम सायन्सचं. एवढं सगळं करून शेवटी गृहविज्ञानच का, असं मला नेहमी वाटतं, पण त्या काळी पालक मुलीला निदान त्यासाठी तरी पाठवतील हा हिशोब असणार.

१९२९ला पाटणा, अध्यक्ष मंडीच्या राणीसाहेब. महाराणी, बेगम, राणी अशी ही रांग बघून "हा श्रीमंत बायकांचा क्लब होता" असं म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही, शेतात राबणारी किंवा गिरणीतली बाई तिथे प्रतिनिधी म्हणून दिसत नाही. पण १९३०ला मुंबईच्या अधिवेशनाला अध्यक्ष सरोजिनी नायडू होत्या आणि त्याच वर्षी त्या धरासण्याच्या मीठ सत्याग्रहात पकडल्या गेल्या, आणि परिषदेचं संघटन करणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय पण आत. राजकारण बाहेर ठेवायचं हे कागदावरच राहिलं.

सारडांच्या बिलाचा सारडा कायदा १९२९ला पास झाला, लग्नाचं किमान वय मुलीचं १४, मुलाचं १८, अंमल १ एप्रिल १९३०पासून. आमच्या घरी सगळे 'शारदा कायदा'च म्हणायचे आणि मला कॉलेजला जाईपर्यंत वाटायचं की देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकावरून नाव पडलं असेल. पास होणं आणि लागू होणं यात जे सहा महिने गेले त्यात देशभर लोकांनी पोरींची लग्नं उरकून घेतली. माझ्या पणजीचं लग्न त्यातलंच. ती सांगायची की फाल्गुनात एकाच आठवड्यात आळीत चार मांडव पडले, आचारी मिळेना म्हणून दोन घरांनी मिळून एकच बोलावला. ती तिसरीत होती, आणि नव्या पाटीला लाकडी चौकट बसवायला सुताराकडे दिली होती ती आणायची राहूनच गेली, हे ती नव्वदीतही न चुकता सांगायची.