चांगले ॲप, रिकामा गट
प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत 120 सदनिका आहेत. समितीने व्हॉट्सॲपऐवजी एका नव्या ॲपवर गट सुरू केला. त्यात सोयी अधिक आहेत, तरी जेमतेम 12 सभासद आले. लोक चांगली गोष्ट का स्वीकारत नाहीत?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपण सोयींची तुलना केलीत, परंतु अशा ॲपमध्ये खरा माल म्हणजे तिथली माणसेच असतात. 120 सभासदांत दोघादोघांच्या 7,140 जोड्या होतात, तर 12 जणांत केवळ 66. म्हणजे दहा टक्के सभासद आले तरी संपर्काच्या शक्यता एक टक्काही आल्या नाहीत. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेट या तंत्राचे एक जनक रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाचा नियम याच गणितावर उभा आहे : जाळ्याचे मोल सभासदांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे गणित फुगवलेले आहे अशी टीका होते आणि ती रास्तही आहे, कारण पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाला सातव्या मजल्यावरच्या प्रत्येकाशी बोलायचे नसतेच. तरीही रिकाम्या गटाचे दुखणे त्यातून नेमके कळते.

त्यातच मुलांच्या शाळेचा गट, गावाकडचे भाऊबंद, इस्त्रीवाला असे सगळे जुन्या ॲपवर असल्याने ते काढून टाकता येत नाही. टँकर किती वाजता येणार हेही तिथेच कळत असेल, तर दुसरे ॲप उघडायचे कशाला?

मोबाइल कंपनी बदलताना ही अडचण येत नाही. जानेवारी 2011 पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि सर्व कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडलेली असल्याने कोणाशीही बोलणे तुटत नाही. समाजमाध्यमांत अशी जोडणी सहसा नसते. त्यामुळेच पैसा आणि जीमेलचे वापरकर्ते हाताशी असूनही गूगलला 2011 मध्ये आणलेले गूगल प्लस हे समाजमाध्यम 2019 मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद करावे लागले. 2023 मध्ये थ्रेड्स या नव्या समाजमाध्यमावर पाच दिवसांत 10 कोटी खाती उघडली गेली खरी, पण तिथे इन्स्टाग्रामचेच खाते चालत होते आणि ओळखीची मंडळी सोबत नेता येत होती.

प्रस्थापित अजिंक्य असतात असे मात्र नाही. भारतात एके काळी खूप लोकप्रिय असलेले ऑर्कुट हे समाजमाध्यम 2014 मध्ये बंद झाले. त्याला मागे टाकणाऱ्या फेसबुकची सुरुवात 2004 मध्ये हार्वर्ड या एकाच विद्यापीठातून झाली होती, जिथे माणसे थोडी असली तरी एकमेकांच्या ओळखीची होती.

आपणही सगळी सोसायटी हलवण्याचा हट्ट सोडून एखादेच काम, उदाहरणार्थ इमारत दुरुस्तीची दरपत्रके आणि त्यांवरची चर्चा, पूर्णपणे नव्या ॲपवर न्यावे आणि त्याची प्रत जुन्या गटावर टाकू नये. प्रत मिळत राहिली तर तिकडे कोणी फिरकणार नाही. पाण्याची आणि टँकरची सूचना मात्र तूर्त जुन्याच गटावर राहू द्यावी; तिच्यावर असले प्रयोग नकोत.