मोंगोडीबी या डेटाबेसवरील सेवा न थांबवता, पुण्यातील ग्राहकांचे ‘पत्ता’ हे एकच फील्ड फोडून पेठ, शहर आणि पिनकोड असे कसे करावे?

सगळी डॉक्युमेंट (म्हणजे ग्राहकांच्या नोंदी) एका फटक्यात न बदलता प्रत्येकात रचनेच्या आवृत्तीचा आकडा (नव्या रचनेसाठी २) ठेवावा, दोन्ही रचना वाचणारा कोड आधी सर्व सर्व्हरवर पोहोचवावा, त्यानंतर नवी रचना लिहू लागावे आणि उरलेली जुनी डॉक्युमेंट हजार-हजारांच्या बॅचमध्ये बदलावीत. कारण असे की मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटमधला बदल अखंड असतो (पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही), परंतु अनेक डॉक्युमेंट बदलणारी ‘अपडेटमेनी’ ही आज्ञा तशी नसते, त्यामुळे ती मध्येच तुटली तर अर्धी माहिती जुनी आणि अर्धी नवी राहते. मोंगोडीबीच्या २०१८ मधील ४.० आवृत्तीपासून अनेक डॉक्युमेंटचे ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) करता येते खरे, पण त्याची मूळ मुदत ६० सेकंदांची आहे; लाखो नोंदींच्या कामाला ते उपयोगी नाही. निवडीसाठी ‘आवृत्ती २ पेक्षा कमी’ अशी अट लावू नये, कारण ज्यांत ते फील्डच नाही (म्हणजे नेमकी तुमची जुनी डॉक्युमेंट) ती या अटीत सापडत नाहीत. ‘आवृत्ती २ नाही’ अशी अट लावावी आणि तीच प्रत्यक्ष अपडेटमध्येही ठेवावी, म्हणजे स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी किंवा दरम्यान ग्राहकाने पत्ता बदलला तरी नवे काही पुसले जाणार नाही. मात्र जुने फील्ड लगेच काढू नये: ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ असा पत्ता लिहिणारे पुष्कळ असतात, त्यातून ४११०३० काढण्याचा नियम वेगळा लिहावा लागेल, आणि जे पत्ते तरीही उलगडणार नाहीत ते माणसाने तपासावेत.