आरशाला घरातील फोन का सापडत नाहीत?

प्रश्न : नागपुरातील महाल भागात आमचे जुने, जाड भिंतींचे दुमजली घर आहे. मुलाने सुट्टीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि मॅजिकमिरर हे सॉफ्टवेअर वापरून खालच्या बैठकीत स्मार्ट आरसा बसवला असून, घरात कोण आहे आणि कोण बाहेर गेले आहे हे तो फोनवरून ओळखून दाखवतो. टीव्ही आणि सासूबाईंचा २०१७ सालचा फोन त्याला सापडतात. यजमानांचा नवा अँड्रॉइड फोन मात्र एकदाही सापडलेला नाही. मुलाचा फोन खाली असताना दिसतो आणि तो माडीवर अभ्यासाला गेला की ‘बाहेर’ अशी नोंद येते. माडीवर आम्ही वायफाय एक्स्टेंडर लावला आहे. रात्री तर सासूबाईंचा फोनही अधूनमधून नाहीसा होतो. फोन ५ गिगाहर्ट्‌झवर आणि आरसा २.४ गिगाहर्ट्‌झवर असल्यामुळे हे होत असेल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपण कोणता फोन कुठे असताना दिसतो हे नेमके लिहिले, त्यामुळे निम्मे निदान आपणच केले आहे. ५ आणि २.४ गिगाहर्ट्‌झची शंका सोडून द्यावी, कारण घरगुती राउटरमध्ये हे दोन्ही पट्टे सहसा एकाच जाळ्याचे भाग असतात. पाहुण्यांसाठीचे वेगळे गेस्ट नेटवर्क कोणी वापरत नाही ना, एवढे तपासावे; त्यावरील फोन आरशाला दिसत नाहीत. आरसा उपकरणे शोधण्यासाठी वापरतो त्या आर्प-स्कॅन या प्रोग्रामला प्रशासकाची परवानगी दिलेली नसली तर एकही उपकरण सापडत नाही. आपला टीव्ही सापडतो, म्हणजे तीही अडचण नाही.

आरसा जाळ्यातील प्रत्येक आयपी क्रमांकाला, म्हणजे उपकरणाला जाळ्यात मिळालेल्या क्रमांकाला, हाक मारतो आणि जो उत्तर देईल त्याचा मॅक पत्ता, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांची ओळख, आपल्या यादीशी ताडून पाहतो. यजमानांचा फोन बहुधा उत्तर देत असेल, पण वेगळ्या ओळखीने. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून (२०२०) फोन आपला कारखान्यातील मॅक पत्ता लपवून प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट पत्ता वापरतात. मुलाने ‘फोनविषयी माहिती’ या पानावरचा मूळ पत्ता यादीत लिहिला असेल, तर तो कधीच जुळणार नाही. पत्त्यातील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बनावट पत्ता समजावा. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये घरच्या जाळ्याच्या तपशिलात जो पत्ता दिसतो, तोच आरशाच्या यादीत लिहावा. त्यासाठी गोपनीयतेची सोय बंद करण्याची गरज नाही आणि मी तरी ती बंद करू नये असेच सांगेन, कारण बाजारात किंवा स्टेशनवर तीच सोय आपल्या माणसांचा माग काढणे अवघड करते. आयफोनमध्ये ‘रोटेटिंग’ हा पर्याय असेल, तर फक्त घरच्या जाळ्यापुरता तो ‘फिक्स्ड’ करावा, नाहीतर पत्ता पुन्हा बदलेल.

मुलाच्या फोनचे कोडे मात्र एक्स्टेंडरमध्ये आहे आणि तिथे तीन शक्यता आहेत. माडीवरच्या वायफायला वेगळे नाव असेल, तर फोन त्या नावासाठी दुसराच बनावट पत्ता घेतो. काही एक्स्टेंडर आपल्यामागच्या सर्व उपकरणांच्या वतीने स्वतःचाच मॅक पत्ता पुढे करतात. तिसरी शक्यता अशी की ते उपकरण राउटर म्हणून चालत असून त्याने माडीवर वेगळेच जाळे उभारले आहे, आणि आरशाची हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. यांतले काय घडते आहे हे अंदाजाने ठरवू नका. मुलाला फोन घेऊन माडीवर बसवा आणि रास्पबेरी पायवर ‘सुडो आर्प-स्कॅन --लोकलनेट’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्या. एकच मॅक पत्ता दोन-तीन क्रमांकांसमोर दिसला तर दुसरी शक्यता खरी; फोनचा आयपी क्रमांक १९२.१६८.०ने आणि आरशाचा १९२.१६८.१ने सुरू होत असेल तर तिसरी.

उपाय तिन्हींना एकच पुरतो: राउटरपासून माडीपर्यंत लॅन केबल ओढावी, वरचे उपकरण ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे वेगळे जाळे न उभारता खालच्याच जाळ्याचे वायफाय देईल असे, चालवावे आणि नाव व पासवर्ड खालच्यासारखाच ठेवावा. उपकरणात तो मोड नसेल, तर तो मोड असलेले दुसरे उपकरण घ्यावे लागेल. आपल्यासारख्या जाड भिंतींच्या घरात केबलचा खर्च वाया जात नाही. माडीवरचा वायफायचा वेगही त्याने सुधारेल.

रात्रीचे कारण साधे आहे. पडदा बंद झाल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी फोन झोपतो आणि काही हाकांना उत्तर देत नाही. मॅजिकमिररच्या फोन शोधणाऱ्या मॉड्यूलमधील (जोड-प्रोग्राममधील) ‘कीप-अलाइव्ह’ ही मुदत सेकंदांत असते. ती ९०० करावी, म्हणजे १५ मिनिटे उत्तर आले नाही तरच ‘बाहेर’ अशी नोंद होईल. माणूस खरोखर बाहेर पडल्यावरही तेवढा वेळ तो घरीच दिसेल, हे सर्वांना सांगून ठेवावे. आणि सासूबाई घरी आहेत ना, हे पाहण्यासाठी या आरशावर विसंबू नये, ही माझी कळकळीची विनंती. त्या फोन घरी ठेवून देवळात गेल्या असतील तरी आरसा त्यांना घरीच दाखवील; त्यांची खुशाली त्यांना फोन करूनच विचारावी.