ड्रॉप घालूनही फरक पडत नाही, मग घालायचे कशाला?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. वर्षभरापूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं आणि रोज रात्री घालायला ड्रॉप दिले. चार महिने घातले, मग ‘काही फरकच पडत नाही’ म्हणून त्यांनी स्वतःच बंद केले. मोतीबिंदूही सुरू झालाय. तो पिकला की दोन्हींचं एकदमच ऑपरेशन करू, असं ते म्हणतात. चष्मा लावून रोज अख्खा पेपर वाचतात. पण गेल्या महिन्यात गोखले रोडवर डावीकडून आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही, स्कूटरवरून पडता पडता वाचले. मी काय करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि ड्रॉप बंद केल्याचं स्पष्ट सांगा. लपवलं तर डोळ्यातलं वाढलेलं प्रेशर पाहून डॉक्टरांना वाटेल की औषध लागू पडत नाही.

तुमच्या वडिलांचं निरीक्षण खरं आहे. त्या ड्रॉपने फरक जाणवतच नाही. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून निचरून जातं. हे अश्रूंचं पाणी नव्हे. निचरा अडला की प्रेशर वाढतं आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते, हाच काचबिंदू. प्रेशर साधारण १० ते २१ (मिलिमीटर पारा) असावं, पण काहींची नस एवढ्या प्रेशरलाही खराब होते. सुकलेली नस परत जिवंत होत नाही. ड्रॉप असतात ते उरलेली नजर राखायला. बीपीची गोळी घेऊन तरी कुणाला तरतरी येते?

आणि पेपर वाचता येतो, यावर विसंबू नका. काचबिंदू बहुतेकदा कडेची नजर आधी खातो, मधली शेवटपर्यंत ठेवतो. माझी चरईतली मावशी पानात डावीकडे चटणी वाढलेली असताना विचारायची, “चटणी नाही वाढलीस का गं?” आम्ही म्हणायचो, वय झालं, विसरते. मी तेव्हा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते, तरी माझ्या लक्षात आलं नाही. तपासणी झाली तेव्हा एका डोळ्याची नजर जवळपास गेली होती. तुमच्या पत्रातलं ‘डावीकडून आलेली रिक्षा’ वाचताना मला ती चटणी आठवली.

आता ‘पिकण्या’बद्दल. हा शब्द जुन्या काळच्या ऑपरेशनचा. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग. आज अल्ट्रासाउंडने ते आतच फोडून ओढून घेतात, त्यामुळे पिकायची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकलेलं भिंग कडक होतं, फुगतं, आणि त्यानेच प्रेशर वाढू शकतं. मोतीबिंदू काढल्यावर त्याने अडवलेली नजर परत येते, काचबिंदूने नेलेली येत नाही. नावं सारखी वाटतात, म्हणून घरोघरी हा घोळ होतो.

ड्रॉप घालायची पद्धतही बघा. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबून धरायचा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. फोडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्यायची, म्हणजे तुमच्या घरातली जुनी आता वापरू नका. वडिलांना दमा असेल तर तो आवर्जून सांगा, टिमोलॉलसारख्या ड्रॉपने धाप वाढू शकते. खर्च जड जात असेल तर जेनेरिक पर्याय विचारा, संकोच नको. आणि एखाद्या रात्री डोळा एकदम लाल होऊन ठणकला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलट्या झाल्या, तर ॲसिडिटी समजून सकाळची वाट पाहू नका.

तुमचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या, भावंडांचीही. काचबिंदू घराण्यात चालतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. प्रेशर, नस आणि कडेच्या नजरेची फील्ड टेस्ट, तिन्ही व्हायला हवं. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातले तर काही तास धूसर दिसतं, म्हणून कुणाला तरी सोबत न्या.

फील्ड टेस्टचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवेपर्यंत स्कूटर बिल्डिंगखालीच राहू द्या. वडिलांना राग येईल. त्यांना माझं हे उत्तर वाचायला द्या. पेपर वाचतात, तेव्हा हेही वाचतील.