लॉबिंग आणि लाच यांत फरक कसा ओळखायचा? पाहुणचाराची लाच कधी होते?

मी इंदूरला सियागंजच्या किराणा व्यापाऱ्यांची निवेदनं बरीच वर्षं लिहून दिली, म्हणून उत्तर देतोय.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचा एक नियम मला फार आवडतो. लॉबिंग म्हणजे आपली बाजू सरकारपुढे मांडणं; ते काम पैसे घेऊन करणाऱ्या लॉबिस्टकडून खासदाराला जेवण घेता येत नाही, पण समारंभातलं किरकोळ खाणं चालतं. 2007 साली नियम कडक झाले तेव्हा तिथे त्याला टूथपिकचा नियम म्हणू लागले. काडीला टोचून उभ्याने खाल्लं तर चालेल, बसून काट्याने खाल्लं तर नाही! हे ऐकून आमची ही म्हणाली, “म्हणजे छप्पन दुकानावर कुणी लाच खाऊच शकत नाही.” खरंच की, इंदूरच्या या खाऊगल्ल्यांत पोहे-जिलेबी काय, सराफ्यातला भुट्ट्याचा कीस काय, सगळं उभ्यानेच.

आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांचे 1964 चे आचरण नियमही बघा. कधीतरी झालेलं जेवण किंवा गाडीतून सोडणं ही भेट धरत नाहीत. मात्र ज्यांचं काम आपल्याकडे अडलंय त्यांचा थाटाचा किंवा वारंवार पाहुणचार टाळावा, असं त्यात आहे. ‘वारंवार’ हा शब्द ज्याने घातला त्याला माणसं कळत होती.

आपलं म्हणणं सरकारपुढे मांडणं हा हक्कच आहे. मंडीतली अडचण मंत्र्याला स्वप्नात थोडीच दिसणार? पण कोण कुणाला भेटलं, किती खर्च केला, हे उघड असायला हवं. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने लॉबिंग कुणासाठी, कोणत्या विषयावर आणि किती खर्चात केलं ते नोंदवावं लागतं. म्हणून तर वॉलमार्टच्या तिथल्या लॉबिंगच्या विषयांत भारताची बाजारपेठही होती, हे 2012 साली आपल्याला कळलं. संसदेत गदारोळ झाला, चौकशी नेमली गेली. आपल्या देशाबद्दलची गोष्ट दुसऱ्याच्या वहीत सापडावी, याचं मला आजही वाईट वाटतं. लॉबिंगचा वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही.

एकदा आमच्यातल्या एकाने निवेदनासोबत पाच किलो शेवेचा डबा नेला. साहेबांनी डबा तिथेच उघडायला लावला, शिपायापासून रांगेतल्या म्हातारबांपर्यंत सगळ्यांना मूठ-मूठ वाटला आणि आमचा कागद आवक वहीत चढवून पोच दिली. फरक मला त्या दिवशी कळला.

तुम्ही जाणार असाल तर निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का घ्या. शेव घरी आल्यावर खा.