लंब रेषांचा कोन ५५ अंश कसा?

प्रश्न : मॅडम, मी नाशिकरोडला अकरावी सायन्सला आहे. ३क्ष − २य = ६ आणि २क्ष + ३य = १७ या रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, म्हणजे त्या लंब आहेत. पण आलेख काढून कोनमापक लावला, तर कोन जेमतेम ५५ अंश भरतो. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = २ एकक घेतलंय. चुकलं कुठे? शिवाय क्ष = ४ आणि य = ३ या रेषांना चढांचा नियम लावायचा कसा?

उत्तर : तुझं गणित बरोबर आहे आणि आलेखही. घोळ आहे तो प्रमाणाचा. य-अक्षावर दोन एककं एका सेंटिमीटरात बसवलीस, म्हणून कागदावर सगळी उंची निम्मी झाली. ३/२ चा चढ ३/४ दिसू लागला, −२/३ चा −१/३. यांचा गुणाकार −१/४. मग काटकोन दिसणार कसा? छेदनबिंदू कुठल्याही प्रमाणात बरोबर मिळतो, समांतर रेषा समांतरच राहतात, पण कोन मोजायचा तर दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण हवं. प्रमाण ही कोपऱ्यात लिहून टाकायची ओळ आहे असं मुलं समजतात. तू कोनमापक लावून पाहिलंस, याचा मला फार आनंद झाला.

आता समान प्रमाण घेऊन पुन्हा काढ. पहिल्या रेषेवरच्या (२, ०) पासून २ घरं उजवीकडे आणि ३ घरं वर गेलीस की (४, ३) येतो. हीच चाल पाव फेरा डावीकडे फिरव. उजवीकडची २ घरं वर जातात, वरची ३ घरं डावीकडे. (४, ३) पासून तशी गेलीस की (१, ५) वर पोचतेस, आणि तो बिंदू दुसऱ्या रेषेवर आहे! अंश-छेदाची अदलाबदल झाली, एक चिन्ह उलटलं. गुणाकार −१ येतो तो यामुळे.

खात्री हवी तर या तीन बिंदूंमधली अंतरं काढ. त्यांचे वर्ग १३, १३ आणि २६ येतात; १३ + १३ = २६, म्हणजे (४, ३) पाशी काटकोन. गंगापूर रोडला एखाद्या बांधकामावर पायाची आखणी चालू असेल तर थांबून बघ. गवंडी एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करतात आणि तिरकं माप ५ भरतंय का ते बघतात. तेही पायथागोरसच.

क्ष = ४ ही रेषा उभी, तिला चढच नाही. म्हणून मी सहगुणकांची पद्धत आधी शिकवते : क्ष च्या सहगुणकांचा गुणाकार, य च्या सहगुणकांचा गुणाकार, आणि दोन्हींची बेरीज शून्य आली की रेषा लंब. तुझ्या उदाहरणात ३×२ + (−२)×३ = ०. उभ्या-आडव्या जोडीत १×० + ०×१ = ०. भागाकार नाही, त्यामुळे उभी रेषा अडत नाही. ६ आणि १७ कडे बघायचंही नाही. त्यांनी रेषा फक्त सरकते, तिची दिशा बदलत नाही.

मात्र क्ष आणि य आधी एकाच बाजूला घ्यायचे. ५क्ष = २य + १ आणि २क्ष + ५य = ९ घे. घाईत सहगुणक ५ आणि २ धरले, तर बेरीज २० येते आणि मुलं 'लंब नाहीत' लिहून मोकळी होतात. २य डावीकडे आणला की −२य होतो, आणि १० − १० = ०.