काथ्याकूट म्हणावं की खल?

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या बँकेत एंटरप्राइझ आर्किटेक्चरचं, म्हणजे सगळ्या संगणक प्रणाली आणि कामकाज यांची एकत्र मांडणी करण्याचं, काम चालू आहे. परवाच्या बैठकीत ‘ग्राहक’ कोणाला म्हणायचं यावर दीड तास गेला. शेवटी साहेब वैतागले, ‘काथ्याकूट पुरे, कामाचं बोला.’ हा शब्द आला कुठून, आणि इथे तो बसतो का?

काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचे तंतू आणि कूट हा कुटण्यातला. कोकणात सोडणं पाण्यात कित्येक महिने कुजत घालतात आणि मग दांडक्याने कुटतात. आवाज भरपूर, भुसा भरपूर. लांबलेल्या निष्फळ चर्चेला हा शब्द चिकटला तो बहुधा बाजूला उभं राहून बघणाऱ्यामुळे. कुटणारीला विचारलंत तर ती वेगळंच सांगेल. कुटल्याशिवाय तंतू भुशापासून सुटत नाही आणि तंतू सुटल्याशिवाय सुंभ वळता येत नाही. मुळात काथ्या कुटणं हे चांगलं उपयोगाचं काम. वाया जातं ते एवढं कुटून पुढे सुंभ वळायला कोणी बसलंच नाही तर.

आता तुमची बैठक. एकाच बाईंचं बचत खातं, गृहकर्ज आणि लॉकर अशा तीन प्रणालींत तीन नोंदी असतात. बाईंनी मोबाइल नंबर बदलला, शाखेत जाऊन अर्जही दिला, तो एका ठिकाणी बदलला आणि दोन ठिकाणी जुनाच राहिला. मग कर्जाच्या हप्त्याचा संदेश जातो भलत्याच माणसाला. जामीनदार हा ग्राहक का? अज्ञान मुलाच्या खात्यात ग्राहक कोण, मूल की पालक? बँकेचे ग्राहक एकूण किती, हा आकडासुद्धा या उत्तरांवर ठरतो. दीड तासात यातलं काही ठरलं असेल, तर साहेबांचा शब्द चुकला. त्याला मी ‘खल’ म्हणेन. वैद्य खलात मात्रा घोटतो, ती बारीक होईपर्यंत थांबत नाही, पण शेवटी औषध हातात येतं. (खलबताचा या खलाशी संबंध नाही. तो अरबी ‘खल्वत’, म्हणजे एकांत, यावरून फारसीमार्गे आला.)

खरा काथ्याकूटही या क्षेत्रात पोत्याने मिळतो. जॉन झॅकमन यांनी १९८७ साली आयबीएमच्या नियतकालिकात एक मांडणी दिली, तिचाच पुढे काय, कसं, कुठे, कोण, कधी, का अशा सहा स्तंभांचा तक्ता झाला. कशाकशाचं वर्णन करायचं ते हा तक्ता सांगतो. काम कोणत्या क्रमाने करायचं ते सांगत नाही, आणि ही कार्यपद्धती नव्हे असं स्वतः झॅकमनच सांगत आले आहेत. द ओपन ग्रुप या संघटनेचं टोगॅफ, म्हणजे अशा आर्किटेक्चरची दुसरी चौकट, १९९५ चं, त्यात कामाचे टप्पे आहेत. फडताळ आणि पाककृती यांत श्रेष्ठ कोण, असं कोणी भांडेल का? पण ‘झॅकमन की टोगॅफ’ यावर भांडताना मी माणसं पाहिली आहेत. अशा एका बैठकीत मी सबंध दुपार काढली. कर्जाची जुनी प्रणाली बदलायची की नाही, हा त्या दिवसाचा विषय होता. तो पुढच्या महिन्यावर गेला.

अशा भांडणाला आपल्याकडे जुना शब्द आहे, घटपटाची खटपट. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, उदाहरणाला सतत घट (घडा) आणि पट (वस्त्र) घेत, त्यावरून हा टोमणा. पण त्याच नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकारही नीट वेगळे केले होते. सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा नुसता पाडायचा ती वितंडा. मराठीने वितंडा आणि वाद एकत्र बांधून ‘वितंडवाद’ करून टाकला. न्यायसूत्रांच्या कर्त्याला तो ऐकवला असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. आर्किटेक्चरच्या बैठकीत मात्र तिन्ही प्रकार एकाच तासात भेटतात, तेव्हा मराठीचं फारसं चुकलं असं म्हणवत नाही.

राहिलं व्याकरण. काथ्याकूट मी पुल्लिंगी वापरतो, ‘बराच काथ्याकूट झाला’. आणि लिहिताना ‘कू’ दीर्घ.